गाडीवरचा निरोगी डोळा

३ मार्च

स्टुडिओला कुलूप लागल्यापासून ही वही उघडलीच नव्हती. लिहिण्यासारखं घडत काय होतं? पासपोर्टचे फोटो लोक आता मोबाइलवर काढतात आणि वर मलाच रस्त्यात अडवून विचारतात, "भाऊ, कान दिसतोय ना नीट?" आज मात्र लिहायलाच हवं. मला नोकरी लागली. या वयात, आणि तीही सरकारी! कंत्राटी का असेना.

आरोग्य खात्याने मधुमेहासाठी बसएवढी गाडी बांधून घेतली आहे. ती वस्तीवस्तीत जाऊन उभी राहणार, येईल त्याची साखर तपासणार आणि डोळ्यांचे फोटो काढणार. डोळ्यांचे म्हणजे वरून नव्हे, आतून. बाहुलीतून डोकावून डोळ्याच्या मागच्या पडद्याचा फोटो. खात्याचे साहेब म्हणाले, "साखरेने डोळा आतून बिघडत असतो तेव्हा माणसाला पत्ता नसतो. दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आपणच लोकांच्या दारात जायचं. तुम्ही जन्मभर चेहरे काढलेत, आता जरा आत शिरा."

मी मान डोलावली, पण मनात म्हटलं, साहेब जरा फेकताहेत. डोळ्याच्या आतला फोटो काढायला डोळा म्हणजे काय कपाट आहे?

घरी आलो तेव्हा बायको कुणाच्या तरी स्वेटरला रफू करत होती. बातमी ऐकून तिने सुई खाली ठेवली. "अहो, म्हणजे आता लोकांना 'हसा' म्हणायचं नाही?"

"डोळ्याला काय हसायला सांगणार!"

"का? माझा डोळा हसतोय बघा," ती म्हणाली, आणि खरंच हसत होता.

७ मार्च

साहेब फेकत नव्हते. आज जे पाहिलं ते कसं लिहावं कळत नाही.

यंत्र बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला होता. गाडीतल्या छोट्या खोलीचे पडदे ओढून अंधार केला. पहिलं गिऱ्हाईक आमचा ड्रायव्हर. त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात, कारण तो गाडी तशीच चालवतो आणि बोलतोही तसाच. त्याने हनुवटी टेकवली, इंजिनिअरने बटण दाबलं, लख्ख प्रकाश पडला आणि पडद्यावर एक नारिंगी गोळा उगवला. एका बाजूला उजळ पिवळी चकती, आणि तिथून फुटून चारी दिशांना गेलेल्या लाल शिरा. जाड, मग बारीक, मग केसाहून बारीक. पान उन्हात धरल्यावर दिसतात तशा. मधोमध एक गडद जागा. "आपण वाचतो, माणसं ओळखतो, ते सगळं या एवढ्याशा जागेने," इंजिनिअर म्हणाला. "आणि अंगात ही एकच जागा अशी आहे, जिथे कुठे न कापता जिवंत रक्तवाहिन्या दिसतात."

सावकाश हनुवटी काढून पडद्याकडे वळला. मग तो म्हणाला, "हे... माझ्यात... आहे?"

आयुष्यभर मी माणसांच्या डोळ्यांवर फोकस लावला. डोळा स्पष्ट आला की फोटो जमला, असं माझ्या गुरूने शिकवलं होतं. त्या दाराच्या मागे एवढं मोठं घर आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही. घरी येईपर्यंत मी रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांकडे बघत होतो. एक बाई रागावली.

इंजिनिअरने कामाच्या गोष्टी सांगितल्या त्या इथे टिपून ठेवतो. भिंगाला हात लावायचा नाही. भिंगावर धूळ बसली की फोटोत ठिपके येतात. प्रत्येक फोटोत त्याच जागी तेच ठिपके दिसले तर समजायचं धूळ आहे, मऊ कापडाने पुसायचं. मूळ फोटो यंत्रातून कधीच पुसला जात नाही, आपण काम करायचं ते त्याच्या नकलेवर. आजार कसा ओळखायचा ते डोळ्यांच्या डॉक्टर येतील तेव्हा शिकवतील, त्याचं काम यंत्रापुरतं.

नोकरीसाठी माझी साखर तपासली, ती नीट निघाली. बायकोला म्हटलं, तूही घे तपासून, फुकट आहे. दिवसभर सुई हातात धरणारी ही बाई बोटाला सुई म्हटलं की दुसऱ्या खोलीत पळते. आजही पळाली.

१२ मार्च

आमच्या घरात एक खेळ आहे. तो आमच्या लग्नाइतकाच जुना असेल. मी रिटच केलेला फोटो तिच्यापुढे ठेवायचा, तिने माझा ब्रश कुठे फिरला ते शोधायचं. तिने रफू केलेला कपडा माझ्यापुढे ठेवायचा, मी जोड शोधायचा. जो हरेल त्याने चहा करायचा. दोघांचे धंदे झाकपाक करण्याचेच, तेव्हा एकमेकांचे परीक्षक आम्हीच.

पूर्वी ती मला जिंकू देत नसे. नवरदेवाच्या गालावरचा फोड असा काढावा की त्याच्या आईला कळू नये, आणि ही लांबून बोट ठेवणार, "इथे कातडी जरा जास्तच गुळगुळीत झालीय." वर्षानुवर्षं चहा मीच करत आलो. पण गेल्या वर्षा-दोन वर्षांत मी हरलो असेन तर शप्पथ! वयाने माझा हात सुधारला. लोकांचा थरथरायला लागतो, माझा बसला.

तिच्या कामाचं मात्र जरा बिनसलंय. आज वकिलांचा काळा कोट परत आला. काळ्या कोटाला तिने गडद निळा दोरा वापरला होता. "बल्ब मेला आहे," ती म्हणाली. खरंच आहे, तो जुना पिवळा बल्ब काही कामाचा नाही. मी नवा, पांढऱ्या उजेडाचा आणला. दोरेही हल्ली चांगले येत नाहीत म्हणे, सुईच्या नाकात जाईपर्यंत फुटतात. म्हणून सुई मीच ओवून देतो. उन्हाळाही यंदा कडक आहे. तिचा पाण्याचा तांब्या शिवणयंत्राजवळ भरतोय आणि रिकामा होतोय.

१५ मार्च

साहेबांचा फोन. गाडीच्या एका बाजूवर, दारापेक्षा मोठा, निरोगी डोळ्याचा फोटो लावायचा आहे. "तुम्ही कलाकार आहात. असा फोटो द्या की रस्त्याने जाणारा थबकला पाहिजे." सावकाशच्या डोळ्याचा फोटो पाठवला, तर त्यात एका कडेला पापणीची सावली आली होती. साहेबांनी नापसंत केला.

मग विचार केला, ज्या डोळ्यांनी मला इतक्या वेळा पकडलं, त्याच डोळ्यांचा फोटो लावावा. बायकोला विचारलं. तिने पहिलं विचारलं, "टोचणार नाहीत ना?"

"फक्त उजेड पडतो."

"मग चला."

सावकाश गाडीच्या पायरीवर स्टूल घेऊन बसला होता, त्याने उठून तिला जागा दिली. आत अंधारात ती हनुवटी टेकवून शहाण्या मुलीसारखी बसली. मी बटण दाबलं. लग्नाआधी तिचा पहिला फोटोही मीच काढला होता. पडद्यावर तिचा डोळा उगवला, आणि मला उगाचच भरून आलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहिलो आणि ही खोली मी आज पहिल्यांदा पाहिली.

एकच खोट होती. मधल्या गडद जागेच्या आजूबाजूला बारीक पिवळे ठिपके, पिठाची चिमूट उडाल्यासारखे, आणि इथे तिथे टाचणीच्या टोकाएवढे लाल. धूळ! काल सावकाशने गाडीत झाडू मारला होता, दुसरं काय होणार. तिला पुन्हा बसवायचं जिवावर आलं, तिचे डोळे दिपले होते. म्हटलं, धूळ काढायला मी बसलोय की.

दुपारभर बसून एकेक ठिपका टिपला. पिवळे सहज गेले. लाल अवघड. त्यातला एक बारीक शिरेला असा चिकटून बसला होता की तो काढताना शीरच तुटली. मग शेजारची शीर उचलून तिथे जोडली, रंग मिळवला, कडा विरवल्या. असं काम परमेश्वरालाही सापडायचं नाही.

१६ मार्च

रात्रीच्या जेवणाआधी छापील नमुना बायकोपुढे ठेवला. खेळ म्हणजे खेळ. तिने तो नव्या दिव्याखाली धरला. जवळ नेला, लांब नेला, तिरपा केला. डोकं एका बाजूला कलवून बराच वेळ बघत राहिली. मी समोर उभा, जणू दहावीचा निकाल.

"छान आहे," ती शेवटी म्हणाली. "मला कुठेच काही सापडत नाही."

आणि उठून तिने चहाचं आधण ठेवलं. तिच्या स्वतःच्या डोळ्यात तिला माझा हात सापडला नाही! माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात चांगलं काम. चहात तिने साखर नेहमीसारखी हात सैल सोडून घातली होती. आज ती मला अधिकच गोड लागली.

२४ मार्च

गाडीचं उद्घाटन झालं. भाषणं लांबली, पण लोकांचं लक्ष भाषणांकडे नव्हतंच. सगळे माझ्या, म्हणजे बायकोच्या, डोळ्याकडे बघत होते. दारापेक्षा मोठा नारिंगी गोळा, दुपारच्या उन्हात आतून पेटल्यासारखा. खाली लिहिलंय: 'निरोगी डोळा असा असतो.' एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे राहिले. "हा कुठला ग्रह?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, "आजोबा, हा तुमच्यातही आहे." त्यांनी स्वतःच्या डोळ्यावर हात ठेवला, हळूच, कुणी झोपलंय तिथे ठेवावा तसा.

डोळ्यांच्या डॉक्टर आजपासून रुजू झाल्या. वयाने माझ्या मुलीसारख्या, बोलणं मात्र कात्रीसारखं. मला 'काका' म्हणतात. फोटो बघून म्हणाल्या, "काका, पुस्तकात छापावा असा डोळा आहे. कुणाचा हो?"

"आमच्या घरचाच," मी म्हटलं. छाती अशी फुगली की शर्टाची बटणं वाचली हेच नशीब.

बायकोही बघायला आली होती. ती गाडीच्या अगदी जवळ गेली आणि तिने फोटोवरून हात फिरवला, कापड बघते तसा. तिची सवयच आहे ती. मी म्हटलं, "कसा वाटतो?" ती म्हणाली, "केवढा मोठा केलात हो मला!"

२ एप्रिल

आज लिहवत नाही, तरी लिहितो. नाही लिहिलं तर झोप लागायची नाही.

बाजाराजवळ गाडी लावली होती. रांग वळण घेऊन पार दुकानांपर्यंत गेलेली. लोक येतात, बोट पुढे करतात, साखर कळते, कुणी हसतं, कुणी गप्प होतं. मग माझ्या अंधारात येतात. दुपारी एक निवृत्त बस कंडक्टर आले. फोटो काढला, आणि पडद्यावर तेच. पिवळे ठिपके, लाल टिंबं.

"माफ करा, धूळ आहे," मी म्हटलं. भिंग पुसलं, पुन्हा काढला. ठिपके तिथेच. पुन्हा पुसलं. पुन्हा तिथेच. कंडक्टर म्हणाले, "भाऊ, तिकीट फाटत नाहीये का?" बाहेर लोक हसले.

डॉक्टरबाई आत आल्या. पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "काका, किती पुसाल? ही धूळ नाही. साखरेने शिरा कच्च्या झाल्यात, त्यातून पाझरतंय. हे लाल म्हणजे शिरेला आलेले फुगवटे. हे पिवळं म्हणजे पाझरलेल्याचा साका. आणि हे मधल्या जागेच्या जवळ आलंय." मग कंडक्टरांना म्हणाल्या, "बरं झालं आज आलात. आता उपाय आहे."

मी १५ मार्चपासूनचे बाकीचे फोटो उघडले. सगळे स्वच्छ. मग इंजिनिअरचं वाक्य आठवलं, माझ्याच अक्षरात लिहिलेलं. प्रत्येक फोटोत त्याच जागी. *प्रत्येक* फोटोत. मी ते टिपून घेतलं होतं, समजून घेतलं नव्हतं.

डॉक्टरबाईंना म्हटलं, जरा एक फोटो बघता? यंत्रातून मूळ फोटो काढला. त्या बघत राहिल्या. "हा कुणाचा?"

मी गाडीच्या भिंतीकडे बोट केलं. त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगावर होता तो भलामोठा, माझ्या हातचा, बिनडागाचा डोळा.

त्यांनी मूळ फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग विचारलं, "काकूंना कमी दिसतं का?"

"छे! रफू करते ती," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणता काळा कोट आठवला. सुईत न जाणारा दोरा. तांब्या. दोन वर्षांचा चहा.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी तर दिवा घेऊनच बसलो होतो.

३ एप्रिल

सकाळी तिला सांगितलं. कसं सांगायचं म्हणून वाक्यं जुळवत बसलो होतो, तीच म्हणाली, "काय ते ओका एकदाचं. कालपासून भिंतीकडे बघताय."

सांगितलं. ठिपके, धूळ, पुसणं, सगळं. ती ऐकत होती. मला वाटलं रडेल, किंवा मला फाडून खाईल. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की दिसत नाही. मधोमध धूसर होतं, डोळ्यांसमोर कुणी ओली काच धरल्यासारखं. डॉक्टरकडे गेले की पहिली सुईच टोचणार, म्हणून आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले."

"अगं, मग खेळात? तेव्हा तरी बोलायचंस!"

"स्टुडिओ बंद झाल्यापासून तुमचा चेहरा कधी खुललेला बघितलाय तुम्ही? आरशात? मी 'सापडत नाही' म्हटलं की खुलायचा. चेहरा तेवढा दिसायचा मला. जवळ आलात की."

मी समजत होतो माझा हात सुधारला. मी म्हटलं, "चल, आजच डॉक्टरकडे जाऊ." ती म्हणाली, "आधी वकिलांचा कोट द्यायचाय. उसवून ठेवलाय. काळा दोरा तुम्ही निवडून द्या."

तिने कोट पुरा केला. मी प्रत्येक टाक्याला शेजारी बसून होतो. मग गेलो.

९ एप्रिल

बोटाला सुई टोचली तेव्हा तिने माझा दंड असा धरला की अजून काळानिळा आहे. साखर फार निघाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, कित्येक वर्षांची असेल. गोळ्या सुरू झाल्या, खाण्याचं सगळं बदललं. चालायला जायचं. आम्ही रोज जातो. मी दमतो, ती नाही.

पण खरी बातमी पुढेच आहे. मधल्या जागेला सूज आलीय. ती उतरवायला इंजेक्शन द्यावं लागेल. एक नाही, दर महिन्याला एक, काही महिने. डोळ्यात.

डोळ्यात! बायकोकडे बघायची हिंमत होईना. बोटाच्या सुईला पळणारी ही बाई. मला वाटलं, आता ती उठून चालायला लागेल आणि मी कुठल्या तोंडाने अडवू?

तिने विचारलं, "नाही घेतलं तर?"

"नाही घेतलं तर मधलं धूसर आहे ते वाढत जाईल, काकू. घेतलं तर बहुतेकांचं थांबतं. बऱ्याच जणांचं सुधारतं. वचन देत नाही मी."

"सुई केवढी असते? दाखवा."

डॉक्टरबाईंनी दाखवली. तिने ती डोळ्यांजवळ नेऊन, मग बोटं फिरवून पाहावं तशी नजरेनेच चाचपली. "ही तर रेशमाला वापरतात त्याहून बारीक आहे," ती म्हणाली. मग डॉक्टरबाईंना म्हणाली, "हात बसलाय ना तुमचा?"

"बसलाय, काकू."

"मग करा. मला सुईची भीती कधीच नव्हती. दुसऱ्याच्या हातातल्या सुईची होती."

१७ एप्रिल

पहिलं इंजेक्शन झालं. मला बाहेर बसवलं. ती आत गेली तेव्हा मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. बाहेर आली ती डोळ्यावर पट्टी, आणि वर मलाच, "तुमचं तोंड पांढरं पडलंय, पाणी प्या."

मी डोळ्याचा आतला पडदा पाहून थक्क झालो होतो. आता वाटतं, त्या पडद्याची मालकीण पाहायची राहिलीच होती.

५ मे

साहेबांना जाऊन सगळं कबूल केलं आणि म्हटलं, गाडीवरचा फोटो काढा, मलाही काढा. साहेबांनी डोक्याला हात लावला. "अहो, सरकारी गाडीवर सरकारने आजारी डोळा निरोगी म्हणून लावला, हे बाहेर गेलं तर?" डॉक्टरबाई मध्ये पडल्या. "काढू नका. शेजारी खरा लावा."

साहेब दोन दिवस विचार करत बसले. मग काय वाटलं कोण जाणे, स्वतःच फोन केला. "लावा. पण मूळ मालकीण हो म्हणाली तरच."

मूळ मालकीण म्हणाली, "माझ्या नवऱ्याने माझे डाग लपवले, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिणार? बरं. लिहा. तेवढाच त्यांना धडा."

खालच्या ओळीचे शब्द मात्र सावकाशचे आहेत. एरवी एक वाक्य बोलायला बस पकडून जाऊन यावं इतका वेळ घेतो, पण हे त्याने एका दमात म्हटलं. उजवीकडे ठिपक्यांचा, डावीकडे माझा पुसलेला, आणि खाली: 'हा एकच डोळा आहे. ही बाई म्हणत होती, मला काही होत नाही.'

११ जून

रांग दुप्पट झाली आहे. मला अजून खरं वाटत नाही. लोक आधी दोन्ही डोळ्यांसमोर उभे राहतात, ठिपके शोधतात, मग एकमेकांकडे बघतात, मग गुपचूप रांगेत लागतात. ज्यांनी आयुष्यात कधी रक्त तपासलं नाही असे लोक. दांडगे हमाल बोट पुढे करताना डोळे मिटतात. एक शिक्षिका आख्ख्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना घेऊन आली. कंडक्टर रोज येतात, रांग लावतात, "पुढे सरका, पुढे सरका" ओरडतात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आणि सगळे माझ्या अंधारात येऊन बसतात, आणि पडद्यावर एकेक गोळा उगवतो. दोन सारखे नसतात. प्रत्येकाच्या नद्या वेगळ्या वाटेने गेलेल्या. माझा आजही प्रत्येक वेळी श्वास रोखला जातो. फरक एवढाच, की आता मी एकही ठिपका पुसत नाही. एकेक मोजून, गोल करून, डॉक्टरबाईंकडे पाठवतो.

बायकोचं दुसरं झालं. सुधारलं का, ती सांगत नाही. मीही विचारत नाही. विचारलं आणि 'नाही' म्हणाली तर?

२० ऑगस्ट

पाचवं इंजेक्शन मागच्या आठवड्यात झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सूज उतरतेय, पण साखर आवरलेली राहिली पाहिजे, जन्मभर, आणि जे गेलं ते सगळं परत येईलच असं नाही. मी ऐकून घेतलं. आशा फार ठेवायची नाही असं मनाला बजावलं.

आज गाडी आमच्याच वस्तीत होती. संध्याकाळ झाली, रांग संपली, सावकाश पायरीवर बसून चप्पल झटकत होता. बायको मला घ्यायला आली होती. मी यंत्रावर कापड टाकत होतो, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"अहो! जरा बाहेर या."

त्या आवाजाने मी दचकलो. हा आवाज मी दोन वर्षं ऐकला नव्हता. नवरदेवाच्या गालावर बोट ठेवताना असायचा तो.

ती गाडीवरच्या दोन्ही डोळ्यांपासून चांगली चार पावलं लांब उभी होती. डोकं एका बाजूला कलवलेलं. हात लावत नव्हती, चाचपत नव्हती. नुसती बघत होती. मग बोट वर केलं, डावीकडच्या, मी पुसलेल्या डोळ्याकडे.

"इथे. ही बारीक शीर इथे येऊन अडखळतेय. तुटलीय आणि तुम्ही शेजारची उचलून जोडलीय. रंग मिळालाय, पण वीण मिळालेली नाही."

परमेश्वरालाही सापडणार नाही, असं मी ज्याबद्दल लिहिलं होतं, तीच जागा. डॉक्टरबाईंना सापडली नाही, साहेबांना नाही, हजारो लोकांना नाही.

मी तिच्याकडे बघत राहिलो आणि ती माझ्याकडे. जवळ न येता. माझा चेहरा कसा दिसत होता, हे तिला लांबूनच कळलं असणार, कारण ती हसायला लागली. सावकाश उठून उभा राहिला आणि म्हणाला, "काय... झालं?"

"काही नाही," मी म्हटलं, "मी हरलो."

घरी आलो. चहा मी केला. बिनसाखरेचा.